चन्नम्माचा भुईचाफा

शाळेच्या मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, साहेब येणार होते. त्यांना फूल कुणी द्यायचं, हे ठरवायला बाईंनी रामलिंगाच्या देवळाजवळच्या रानातून भुईचाफ्याचे दोन कंद आणले. एक मला, एक शेजारच्या चन्नम्माला.

"जिचं आधी फुलेल, तिनं द्यायचं. झाडाच्या सावलीत पुरा, वर पाचोळा घाला. उन्हाळ्यात पाणी मात्र नको."

वर्गात पहिली मी येते, तरी मोठ्या माणसांना चन्नीच गोड वाटते. म्हणून मी घाई केली, रोज तांब्याभर पाणी घातलं. माझा कंद कुजला.

मग एका दुपारी मी शेराच्या झुडपांच्या कुंपणातून पलीकडं शिरले. चिंचेखाली तिनं कुंपणाला खेटून पुरलेला कंद उकरला, कोंब खाली करून उलटा ठेवला आणि पाचोळा होता तसा पसरला.

चैत्र सरताना, साहेब यायच्या दिवशी सकाळीच चन्नीनं हाक मारली, "सारजे, बघ गं, आमचा चाफा लई येडा हाय."

कोंब वळसा घेऊन कुंपणाखालून चार बोटं सरकला होता. पान एकही नव्हतं. आमच्या बाजूला भुईला टेकून पांढरं-जांभळं फूल उमललं होतं.

"तुमच्या अंगणात आलंय. तूच दे साहेबांना," ती म्हणाली.

आता इथंही हीच चांगली ठरणार, हे मला सोसेना.

"तुझा कंद मीच उलटा पुरला होता," मी सांगून टाकलं.

चन्नीचं तोंड लालभडक झालं. "मग माझं मीच देते," म्हणत तिनं फूल खुडलं आणि पाय आपटत गेली.

फूल गेलं. पण चन्नीलाही राग येतो, हे बघून मला त्या दिवशी भाकरी गोड लागली.