रेंगाळणारा इलेक्ट्रॉन

भिंगरीने सोमवारी प्रयोगशाळेतल्या आपल्या सहकाऱ्याला, थंडोबाला, लग्नाचं सरळ विचारलं. तो ‘बघू’ म्हणून लेझरची भिंगं पुसत बसला. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

आज त्यांच्या प्रयोगाचा आलेख एकदाचा पडद्यावर उमटला: प्रकाशाचा धक्का बसला तरी अणूतला इलेक्ट्रॉन लगेच निघत नाही, पापणी लवण्याहूनही कितीतरी कमी वेळ का होईना, रेंगाळतो.

थंडोबा खुर्चीसकट गरकन फिरला. “हो,” म्हणाला.

“कशाला हो?”

“लग्नाला. धक्का सोमवारीच बसला होता गं, शब्द बाहेर पडायला उशीर लागला.”

“इलेक्ट्रॉन निदान ‘बघू’ म्हणत नाही,” भिंगरी म्हणाली आणि आनंदाच्या भरात तिने ती खुर्ची इतकी फिरवली, की भावी नवरदेवांना टेबल धरून बसावं लागलं.