अर्ध्या नावाचा शोधनिबंध

मी एक जुना शोधनिबंध आहे. सात पानांचा, आणि एका कोपऱ्यावर चहाचा डाग मिरवणारा. शोधनिबंध म्हटलं की मुलं पळ काढतात हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, जरा थांबा. माझ्या तिसऱ्या पानावर एक फोटो आहे आणि सगळी गंमत तिथेच आहे.

माझा जन्म जपानमधल्या आयझु भागात झाला. तिथे उरुशी नावाच्या झाडाचा चीक लाकडी वाट्यांना लावतात. वाट्या अशा चकाकतात की बघत राहावं. पण हाच चीक अंगाला लागला, तर बिब्बा उतावा तसं अंग उततं. शिकाऊ कारागिरांचे तर डोळे सुजून बंद व्हायचे. चिगुसा कुवाबारा ही तिथल्या दवाखान्यातली तरुण डॉक्टर. पुरळ कसं चढतं आणि औषध नेमकं कधी लावावं, हे तिला शोधायचं होतं. जुन्या कारागिरांचे हात चिकाला सरावलेले, ते काही केल्या उतत नसत. मग काय, बाईंनी स्वतःचाच डावा हात पुढे केला. चीक लावला आणि रोज फोटो काढला.

त्या हातावर, मनगटाच्या जरा वर, भाजल्याचा चंद्रकोरीसारखा व्रण होता. लहानपणी उकळती किटली कलंडली होती. आई नेहमी म्हणायची, "बाही खाली घे गं, लोक बघतात." म्हणून चिगुसा भर उन्हाळ्यातही लांब बाह्या घालायची. फोटोत मात्र व्रण लपवता येईना. खाली तिने एवढंच लिहिलं, 'निरोगी स्त्रीचा डावा हात'.

मी छापून आलो तेव्हा माझ्या कपाळावर तिचं नाव आलं, तेही अर्धंच: सी. कुवाबारा. त्या मासिकाची रीतच तशी होती. पण माझं दैव जोरावर होतं. देशोदेशीचे डॉक्टर आपापल्या लेखांत माझा दाखला देऊ लागले. आमच्या जगात मान म्हणतात तो हाच. दाखले जितके जास्त, तितकी लिहिणाऱ्याची पत मोठी. खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो.

पुढे चिगुसाचं लग्न झालं आणि ती मिझोगुची झाली. नंतरचे सगळे लेख सासरच्या नावाने आले. मी एकटाच माहेरी राहिलो. त्यात दाखल्यांची नोंद ठेवणाऱ्या संगणकाने घोळ घातला. चिकारा कुवाबारा नावाचे एक त्वचारोगाचे डॉक्टर होते. त्यांचंही छापील नाव सी. कुवाबाराच. संगणकाने मला उचललं आणि दाखल्यांसकट त्यांच्या पदरात टाकलं. ते बिचारे केव्हाच देवाघरी गेले होते, त्यांना काय पत्ता! चिगुसा म्हणायची, लोकांना गुण आला ना, नाव कुणाचं का असेना. तिचा असा राग यायचा मला. कपाटात धूळ खात मी चडफडत पडून असायचो.

मग विद्यापीठात प्राध्यापकाची जागा निघाली. वयाचा विचार करता तिची ही शेवटची संधी होती. अर्जात तिने मला सगळ्यांत वर मांडलं आणि निवड समितीत गहजब उडाला. दुसऱ्याचा लेख आपला म्हणून दाखवला, असा ठपका आला. जागा राहिली बाजूला, आता अब्रूच पणाला लागली. तिला बोलावणं आलं. ती मला रुमालात बांधून घेऊन गेली. भीतीने माझी शाई उडायची बाकी राहिली होती म्हणा ना.

समितीचे अध्यक्ष इनोकुमा. बोलणं लोण्यासारखं, पण चिमटा काढण्यात तरबेज.

"मिझोगुची-सान, तुमच्या प्रत्येक लेखात या कुवाबारांचा दाखला आहे," ते म्हणाले. "फारच आदर दिसतो."

"आदर नाही, जुनी ओळख आहे," चिगुसा म्हणाली. "ती मीच."

"लग्नाआधी तुम्ही कुवाबारा होतात, मान्य. पण सी. कुवाबारा दोन आहेत. हा लेख तुमचाच कशावरून?"

तिचं ते काम डोळ्यांदेखत पाहिलेले तिचे गुरू आता हयात नव्हते. तो दवाखानाही बंद पडला होता. मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात तिने मला रुमालातून सोडलं, तिसरं पान उघडून टेबलावर ठेवलं आणि डाव्या बाहीचं बटण काढलं. बाही कोपरापर्यंत सारून तिने हात फोटोशेजारी ठेवला.

इनोकुमांनी चष्मा कपाळावर चढवला. एकदा मला पाहिलं, एकदा हाताकडे पाहिलं. तीच चंद्रकोर, तिचं तेच टोक मनगटाकडे वळलेलं. दुसऱ्या कुवाबारांच्या लेखात या कुवाबारांचा हात कशाला येईल, हे त्यांना उमगलं. मग ते उठले आणि कमरेत वाकले.

"चूक आमची झाली, कुवाबारा-सेन्सेई."

हुश्श! मित्रांनो, इतका मोकळा श्वास मी छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हाही घेतला नव्हता. सेन्सेई म्हणजे गुरुवर्य, आणि तेही माहेरच्या नावाला जोडून! त्या नावाने तिला कुणी हाक मारून किती वर्षं झाली होती! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. यथावकाश तिला जागा मिळाली आणि माझे दाखलेही घरी परतले. तिकडे वर स्वर्गात चिकारा डॉक्टरांनाही हलकं वाटलं असेल. न केलेल्या कामाचं श्रेय किती दिवस वागवायचं?

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मन लावून काही कराल, तर त्यावर आपलं नाव पूर्ण लिहा आणि ते जपा. ते जपणं म्हणजे मिरवणं नव्हे.

त्या दिवशी चिगुसा मला रुमालात बांधायची विसरली. काखेत धरून तशीच रस्त्याने निघाली. बाही खाली घ्यायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही. लोक बघत होते. बघू देत.