‘हाल्ट’ म्हणजे हल नव्हे

माझ्या लेकाने, श्रीरंगने, ही गोष्ट गावी ओझरला फोन करकरून सगळ्यांना सांगितली. नात बर्फात जर्मनमध्ये ‘हाल्ट’ ओरडली, म्हणजे थांब. आजीला वाटलं, म्हशीला म्हणतात तसं ‘हल’ म्हणतेय. आजी हलली ती थेट ओढ्यात. भाचे, पुतणे, सगळे पोट धरून हसले. त्याला तसं मीच सांगितलं होतं. ते खोटं होतं.

जर्मनीत एर्लांगेनला लेकाकडे येऊन मला दोन महिने झाले होते. बर्फ पडला तशी सून, सुलेखा, म्हणाली, “आई, रविवारी लांगलाउफला जाऊ. पायाला लांब पट्ट्या लावून बर्फावरून सरकत जायचं. तुम्ही हवं तर बाजूने चालत या.”

हवं तर, म्हणे. माझी शाळा दुसरीत सुटली ती म्हशींसाठी, आणि चाळीस वर्षं त्यांच्यामागे धावले. म्हटलं, “मलाही लाव पट्ट्या.” लुगड्याखाली लेकाची विजार चढवली नि निघाले. लेक घरीच राहिला.

गावाबाहेर पाणथळ जागा होती. वाळलेलं लव्हाळं, गोठलेला ओढा, आणि काठाने बर्फात आखलेल्या दोन चाकोऱ्या. इतकं शांत, की आपल्याच पट्ट्यांची सरसर ऐकू यावी. सुलेखा पुढे, मध्ये सात वर्षांची नात स्वानंदी, मागे मी. सुलेखा दर दहा पावलांवर वळायची. “गुडघे वाकवा, आई. गेनाऊ, अस्संच.”

“बाई, तुझ्या नवऱ्याला चालायला मी शिकवलंय.”

एका वळणावर चाकोऱ्या ओढ्यापासून लांब गेल्या. सुलेखा म्हणाली, “ओढ्यावर जाऊ नका, तिथे बर्फ पातळ आहे.” मी मुद्दाम सरळ गेले.

“हाल्ट, आजी. हाल्ट.”

मी वळून पोरीकडे बघितलं. शब्द मला येत होता. बसच्या थांब्यावरची पाटी दाखवून सुलेखानेच पहिल्या आठवड्यात शिकवला होता. पण सुनेचं ऐकायचं, तेही पोरीच्या तोंडून? आणखी दोन पावलं सरकले. खाली कडकन वाजलं आणि मी गुडघाभर पाण्यात. सुलेखा मला ओढायला धावली, पट्ट्यांत पाय अडकून आपटली आणि तिचं मनगट मोडलं. मला साधं खरचटलंही नाही.

दवाखान्यात श्रीरंग आला. “आई, झालं तरी काय?” तेव्हा मी ते ‘हल’ सांगितलं. तो हसला, मग पोरीकडे वळला. “आजीशी मराठीत बोलायचं, किती वेळा सांगितलं? बघ आता आईचा हात.”

मी ओलं लुगडं पिळत बसले.

त्या दिवसापासून स्वानंदी माझ्याशी बोलताना आधी आईच्या कानात मराठी शब्द विचारायची. आमटी हवी असली तरी. सुलेखाचा हात गळ्यात बांधलेला, म्हणून पोरीची वेणी मी घालायचे. परवा वेणी घालताना म्हणाली, “आजी, आईचा हात माझ्यामुळे मोडला का?”

मराठीत, एकही चूक न करता.

माझ्या हातातून पेड सुटले. म्हटलं, “नाही गं. तू थांब म्हणालीस ते मला कळलं होतं. मीच थांबले नाही. वर तुझ्या बाबाला खोटं सांगितलं.”

दारात सुलेखा उभी होती. “मला माहीत होतं, आई. तुम्ही वळून बघितलंत, मग पुढे गेलात.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुझी चूक नाही, असं मी तिला रोज सांगते. तिला ते तुमच्याकडून ऐकायचं होतं. आणि ह्यांनाही तुम्हीच सांगा.”

जन्मात कुणाचं बोलणं उधार ठेवलं नाही मी. त्या घडीला मात्र सुटलेले पेड पुन्हा विणायला घेतले.

संध्याकाळी श्रीरंग बूट काढत होता तेव्हाच सांगितलं. बसून सांगायचा धीर नव्हता. तो हसला नाही, रागावलाही नाही. एका पायात बूट तसाच ठेवून पोरीच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आतून त्याचा आवाज येत होता, जर्मनमध्ये, हळू. काय बोलतोय ते मला कळत नव्हतं, आणि कुणाला विचारायचं तोंडही उरलं नव्हतं.