खव्याच्या भट्टीवरचं बटण

मित्रांनो, मी एक जुनं बटण आहे. हेडफोनच्या वायरीवर गळ्याशी लोंबतं ना, तेच. बोललेलं ऐकायला मला एक बारीक भोकही आहे.

भूमजवळच्या वस्तीवर मी नागूबाईंच्या गळ्यात आलो. नागूबाई खवा करतात. दूध आटू लागलं की हात थांबवायचा नाही, आणि खवा झाला की कढई लगेच उतरवायची. त्याला दुसरं माणूस लागतं. ते माणूस म्हणजे त्यांचे मालक, तिकडं गोठ्यात कडबाकुट्टीच्या यंत्रापाशी. त्या घरघरीत हाक कुठली ऐकू येणार?

धाकटी लेक वर्षाराणी ॲप करायला शिकलेली. म्हणाली, "आई, फोनला नुसतं नाव सांग बाबांचं. लागतो फोन."

"त्यांचं नाव घिऊ? लग्नात उखाण्यापुरतं घेतलं, बास झालं!"

झालं, माझं नशीब उघडलं! वर्षाराणीनं ॲप केलं. नागूबाईंनी हनुवटीनं मला दाबलं, की मालकांच्या खिशातला फोन वाजणार.

थोरली लेक राजेश्वरी, तिच्या मुलीचं बारसं उद्यावर आलं होतं. पेढे घरच्याच खव्याचे करायचे होते. सकाळचा खवा होत आला. नागूबाईंनी मला दाबलं, तर कानात गाणं सुरू! पुन्हा दाबलं, गाणं बंद. पुन्हा दाबलं, परत सुरू. मालक गोठ्यातच राहिले आणि खवा करपला.

"तुझ्या बटणानं नातीचे पेढे खाल्ले की गं!"

मला फार वाईट वाटलं. वर्षाराणी ओट्यावर फोन घेऊन बसली, आणि दुपारपर्यंत तिला उमगलं. ज्या ॲपचा आवाज शेवटी झाला, त्यालाच फोन माझी खबर देत होता. नागूबाई भट्टीवर गाणी ऐकायच्या, म्हणून माझी खबर गाण्यांकडं जायची. मग तिनं आईची गाणी आपल्याच ॲपात घेतली.

आता फक्त संध्याकाळचं दूध उरलं होतं. खवा झाला. हनुवटी टेकली. गाणं थांबलं, आणि लांबवर कडबाकुट्टीही थांबली.

"आलो, आलो!" मालक धावतच आले. कढई उतरली. खवा कसा पांढराशुभ्र, रवाळ!

"आज न ओरडता बोलावलंस गं?"

"लेकीला इचारा. आन् आधी हात पुसा."

दुसऱ्या दिवशी बारशात बायकांनी "नाव घ्या, नाव घ्या" म्हणून लई पिच्छा पुरवला. नागूबाई पेढ्याचं ताट घेऊन पळाल्या. भट्टीपाशी आल्या, पदरानं मला पुसलं, आणि इकडंतिकडं बघून माझ्या भोकाशी हळूच ते नाव घेतलं. घेऊन स्वतःच हसल्या.

मित्रांनो, आमची वायर पिरगाळू नका, खरकट्या हातानं आम्हांला दाबू नका. आम्ही तुमची हाक पोचवतो. आणि ते नाव विचारू नका. आम्ही पोटातलं सांगत नाही.