मौखिक साधन

"पण बाई, जो फिरवतो त्याच्या कानाचे तर पडदे फाटायची वेळ येते," पैलवान दोन्ही कान चोळत म्हणाला. "मग त्याला ऐकू आला नाही, हे कसं शक्य आहे?"

पैलवान म्हणजे नववीच्या वर्गातला सगळ्यांत हडकुळा मुलगा. बाईंनी नगरपालिकेच्या अडगळीतून मागून आणलेला जुना हातभोंगा टेबलावर ठेवला होता आणि त्याचा दांडा फिरवायचा मान त्याने भांडून मिळवला होता. सुरुवातीला भोंगा नुसता कण्हला. मग त्याने असा काही गळा काढला, की शेजारच्या वर्गातली गणितं अडली, शिपाई धावत आला आणि त्याच्यामागून मुख्याध्यापक. इतिहासाच्या तासाला एवढा आवाज त्यांनी उभ्या नोकरीत ऐकला नव्हता. बाईंनी माफी मागितली. "अभ्यासक्रम, बाई, अभ्यासक्रम," असं बजावून ते निघून गेले.

खरं म्हणजे बाई अभ्यासक्रमच शिकवत होत्या. पुस्तकातला पहिलाच धडा 'इतिहासाची साधने'. भौतिक, लिखित आणि मौखिक. दरवर्षी मुलं हे तीन शब्द घोकायची आणि परीक्षेत ओकून मोकळी व्हायची. पोहायचं कसं हे पाठ करून घ्यायचं आणि मुलांना पाण्याजवळही फिरकू द्यायचं नाही, असला तो प्रकार. यंदा बाईंनी ठरवलं, ढकलायचंच पाण्यात. मुलांच्या आजी-आजोबांच्या काळात गावावर पूर आला होता. धरणाची भिंत फुटली, आणि पहाटेच्या झोपेत खालची वस्ती वाहून गेली. त्या पुराची साधनं त्यांनी वर्गात मांडली: वर्तमानपत्राचं कात्रण, धरणावरच्या चौकीचा पूर ओसरल्यानंतरचा फोटो, चौकशी अहवालाचं एक पान आणि हा भोंगा. फळ्यावर एकच प्रश्न होता. त्या पहाटे भोंगा वाजला का?

तो भोंगा ज्याच्या ताब्यात होता, त्याला गाव 'मुका भोंगा' म्हणायचं. पुरानंतर त्याला धरणावरून काढून बागेत झाडांना पाणी घालायच्या कामावर लावलं. ज्या माणसाने पाण्याची वर्दी दिली नाही त्याला पाणीच घालायला लावलं, असा विनोद लोक बरीच वर्षं करत होते. तो माणूस म्हणजे बाईंचे वडील. हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि बाईंना तेच हवं होतं. ज्यांच्या मनात राग नाही आणि कीवही नाही, अशा मुलांनी कागद वाचावेत आणि म्हणावं, की या माणसाचा दोष नव्हता. लहानपणापासून त्या हे एक वाक्य ऐकायला आसुसल्या होत्या.

पण गाडी भलत्याच वाटेला लागली. अहवालात म्हटलं होतं, 'भोंगा वाजल्याचा पुरावा आढळत नाही. भोंगा आपण ऐकला नाही, असे खुद्द भोंगेवाल्यानेच कबूल केले आहे.' पैलवानाने सरळ हिशोब मांडला. फिरवणाऱ्याला भोंगा ऐकू येतोच येतो. याला ऐकू आला नाही. म्हणजे याने फिरवलाच नाही.

"आमच्या घरी पण हेच म्हणतात," तो म्हणाला. "झोपला होता तो. माझ्या आजोबांचा भाऊ गेला त्या पुरात."

वर्गाने माना डोलावल्या. तोंडावर आलेलं बाईंनी गिळलं, कारण नियम त्यांनीच घालून दिला होता. साधन जेवढं सांगेल तेवढंच म्हणायचं, त्यात आपल्या मनाचं मिसळायचं नाही. त्यांनी खडू उचलला. मुलांचा निष्कर्ष फळ्यावर लिहायचा, मग तो काळीज चिरणारा का असेना.

तेवढ्यात वकीलबाई उठली. ही मुलगी शिक्षकांच्या खोलीत बदनाम होती. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी कोण म्हणतं, असं विचारणारी.

"बाई, यात उत्तर आहे. प्रश्न कुठाय?"

"कसला प्रश्न?"

"यांनी 'मला ऐकू आला नाही' असं म्हटलं, पण त्यांना विचारलं काय होतं? आणि 'कबूल केलं' हा शब्द त्यांचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे. कबूल तर चोर करतो." तिने कात्रणापासून भोंग्यापर्यंत बोट फिरवलं. "आणि बाई, लिखित झालं, भौतिक झालं. मौखिक कुठाय? ते भोंगेवाले आजोबा आहेत का अजून?"

ते पान बाईंनी इतक्या वेळा वाचलं होतं, की डोळे मिटूनही म्हणून दाखवलं असतं. दरवेळी 'कबूल' या शब्दाशी आल्या की त्यांची मान आपोआप खाली जायची. त्या शब्दामागे कोणीतरी विचारलेला एक प्रश्न आहे आणि तो लिहून ठेवायचा राहिलाय, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"आहेत," त्या म्हणाल्या.

घरी हा विषय काढायचा नाही, अशी आईची तंबी होती. आई गेली तरी तंबी राहिली. त्या संध्याकाळी बाईंनी वडिलांसमोर, म्हणजे अप्पांसमोर, चहाचा कप ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. अप्पा मुळात दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्च न करणारे. त्यांनी चहा संपवला, कप धुऊन पालथा घातला.

"तू माझी मुलगी, हे मुलांना माहीत आहे?"

"नाही."

"मग येतो."

काय सांगणार ते आधी मला सांगाल का, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते मागे घेतलं. मुलांना आधी काही माहीत नसताना विचारायचं असेल, तर आपणही मुलांइतकंच अडाणी राहिलेलं बरं.

अप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले. मुलांनी खुर्ची दिली तरी बसले नाहीत, साक्षीला उभे राहिल्यासारखे हात बांधून टेबलाशी उभे राहिले. बाई मागच्या बाकामागे जाऊन थांबल्या. वकीलबाईने सुरुवात केली, तीही अशा आदबीने, की हीच का ती, असं वाटावं.

"आजोबा, जे तुम्ही स्वतः पाहिलं तेवढंच आधी सांगा. नंतर लोकांकडून कळलं ते नको."

अप्पांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. कोणीतरी ओळखीची भाषा बोलावं, तसं त्यांना झालं असणार. मग ते बोलू लागले. भिंतीतून पाणी फुटलेलं त्यांनी पाहिलं. चौकीच्या छपरावर चढले आणि दांडा फिरवायला लागले. खाली चौकी हलत होती. पाण्याचा आवाज असा, की दुसरं काही उरलंच नव्हतं.

"फिरवता फिरवता मी ओरडत होतो. ते मलाच ऐकू येत नव्हतं. तोंड उघडं आहे एवढंच कळत होतं."

"आणि भोंगा?" पैलवानाने विचारलं.

"तोही नाही. त्यात आधीच पाणी शिरलं होतं का, हेही मला माहीत नाही. हात चालेनासे होईपर्यंत फिरवला."

"मग चौकशीत हे का नाही सांगितलं?"

"त्यांनी विचारलं, भोंगा वाजल्याचं तुम्ही ऐकलं का? होय की नाही, एवढंच सांगा. मी ऐकलं नव्हतं. नाही म्हणालो. पुढे त्यांनी काही विचारलं नाही."

वकीलबाईने हळूच विचारलं, की घरी तरी कोणी विचारलं नाही का. अप्पा म्हणाले, मला दुखेल असं वाटलं असेल त्यांना. ते बाईंकडे पाहत नव्हते.

पैलवान उभाच होता. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "आमच्या घरी म्हणतात, तुम्ही झोपला होता."

"झोपलो नव्हतो, बाळ. पण तुमचं माणूस गेलं. घरचे काही ना काही म्हणणारच."

पोरगा खाली बसला आणि मान खाली घालून खरडू लागला. साधनांच्या यादीत साक्ष उतरवून घ्यायचं काम त्याच्याकडे होतं. साक्ष देणाऱ्याला ती वाचून दाखवायची, हाही बाईंचाच नियम. त्याने उठून वाचलं. छप्पर, दांडा, पाण्याचा आवाज, सगळं बरोबर होतं. शेवटी त्याने आपल्या मनाने एक वाक्य घातलं होतं. 'म्हणजे त्या पहाटे भोंगा वाजला होता.' आजोबांचा भाऊ गमावलेल्या घरातून आलेलं ते दान होतं, आणि बाईंना हवं असलेलं वाक्य शेवटी असं, त्या मुलाच्या तोंडून, त्यांच्या पुढ्यात आलं होतं. घ्या अप्पा, त्यांनी मनातल्या मनात विनवलं. एवढं घ्या.

अप्पांनी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे मी म्हणालो नाही, बाळ. फिरवला, एवढंच लिही. वाजला की नाही, ते मला माहीत नाही."

पैलवानाने वाक्य खोडलं, नवं लिहिलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. अप्पांनी मान हलवली. मग कोणी सांगितलं नसताना वर्ग उभा राहिला. एकाही बाकाचा आवाज झाला नाही. अप्पा गोंधळून मागे वळून पाहू लागले, मुख्याध्यापक आले की काय म्हणून.