पाव्हणेबाबाची नाव

सन २०२३ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. तापीकाठच्या वाघडोहात त्या साली पाव्हणेबाबाच्या नावेची पाळी बेबाबाईच्या घरावर आली होती, आणि सगळ्या भोईवाड्याची नेमकी हीच पंचाईत झाली होती.

पाव्हणेबाबा म्हणजे वाघडोहचा जावई. कोण्या काळी बायकोला न्यायला आला, तापीच्या पुरात अडकला, बुडती माणसं नावेनं काठाला लावत राहिला आणि मग इथंच राहून गेला. गावानं त्याला देव केलं, पण त्याचं जावईपण काही सोडवलं नाही. म्हणून आखाजीच्या दुसऱ्या दिवशी बाबाच्या पादुका पलीकडच्या टेकडावर समाधीला न्यायच्या त्या गावच्या जावयानंच, आणि तो वल्हं मारत असताना काठावरच्या बायांनी त्याला पोटभर शिव्या द्यायच्या. बाबालाही म्हणे त्याच्या मेहुण्यांनी अशाच दिल्या होत्या. ज्याला शिव्या पडल्या तो गावाचा जावई. ज्याची नाव मुक्यानं गेली तो कोणाचाच कोणी नाही, आणि त्या घराची पाळीही तिथंच संपली.

बेबाबाईची एकुलती एक लेक हेमलता करोनाच्या आधीच जातीबाहेर लग्न करून जामनेरला गेली होती. नवरा जगदीश पहूरकडच्या कपाशीवाल्या घरातला, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवणारा. माणूस सरळ, हाताला काळं तेल आणि तोंडात हसू. पण वाघडोहात त्याला अजून कोणी पाव्हणा म्हणून चहाला बोलावलं नव्हतं. बेबाबाईला तो मान हवा होता. चोरून लपून नाही, घाटावर, सगळ्यांच्या देखत.

तिची जाऊ लताबाई आदल्या आठवड्यात ओट्यावर येऊन बसली.

"अक्का, औंदा वल्हं मना जवाई योगराजले दे. दोन्ही घरनी इज्जत राही."

"का वं? मना जवाई काय मरेल शे?"

"तुना कसाना जवाई? त्यानी वरातबी नही निंघनी."

"वरात नही निंघनी, म्हणीसनच तर नाव काढस मी."

लताबाई तणतणत गेली ती थेट झुलालआबांकडे. आबा भोईवाड्याचे पंच, कमरेत वाकलेले पण बोलण्यात ताठ. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वल्हं बेबानं शे. ती ज्याले देई त्यानं. पण बायासना तोंडवर मनी सत्ता नही." लताबाईला तेवढंच पुरे होतं. संध्याकाळपर्यंत हातपंपावर ठरून गेलं की औंदा कोणी तोंड उघडायचं नाही.

बेबाबाईनं ऐकलं आणि पीठ मळत राहिली. जगदीशला नाव वल्हवता येत नाही, तिला ही काळजी जास्त होती. तिनं त्याला आधीच बोलावून घेतलं आणि रोज सकाळी पाण्यात उतरवलं. ती लग्न होऊन आली तेव्हा या जागी उन्हाळ्यात वाळू पडायची. वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या असायच्या, आणि नदी पलीकडे बारीक वाहायची. मग खाली बंधारा झाला आणि पाणी इथपर्यंत तुंबलं. जुनी धार मात्र त्या पाण्याखालून अजून ओढते, हे भोयाच्या पोराला कळतं. जगदीशला कसं कळावं?

"जगदीशराव, दोन्ही हात सारखे मारा."

"मामी, ट्रॅक्टरला ब्रेक तरी असतो हो."

"नावलेबी शे. पलीकडचा काठ."

जत्रेच्या दिवशी घाट भरून गेला. बाया नव्या लुगड्यांत, पातळांत पुढे उभ्या, आणि सगळ्यांत पुढे लताबाई, हाताची घडी घालून. बेबाबाईनं जगदीशला पागोटं बांधलं, दोन्ही वल्ही हातात दिली. सासूला त्या दिवशी शिवी द्यायची मुभा नसते, त्यामुळे यापुढे तिच्या हातात काही नव्हतं. नाव सुटली.

एरवी दोरी सोडली की कल्ला उठायचा. त्या दिवशी पाण्यावर वल्ह्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. झांजवाला वाजवता वाजवता थांबला. पोरांनी मोबाईल वर धरले होते, त्यांनाही काय करावं कळेना.

हेमलतानं आईचा हात घट्ट धरला. "माय, कोनी बोलत नही."

"बोलतीन. पोटमा शिव्या ठेईसन इतला येळ उभी राहनारी बाई आजून या गावमा जन्माले यायेल नही."

नाव मधोमध गेली आणि जुन्या धारेनं तिला धरलं. जगदीश घाबरला. दुकानात नटबोल्टांवर पाने पिळून पिळून त्याचा उजवा हात तयार, डावा कच्चा. उजव्यानं जोर लावला तशी नाव वळली. आणखी लावला तशी गोल फिरली. पादुकांवरचं छत्र एकदा गावाकडे, एकदा टेकडाकडे. कोणीतरी फिस्सकन हसलं.

लताबाईची घडी सुटली. बालपणापासून नावेत वाढलेली बाई ती, तिला असलं वल्हवणं बघवेना. "आरे ओ जामनेरना रेड्या!" ती घाटभर ओरडली. "डावं वल्हं काय तुना बाप मारी? नाव हाकस का दळण दळस?"

तिनं लगेच जीभ चावली, पण तोवर बांध फुटला होता. मागच्या बाया तुटून पडल्या. त्याच्या मिशीला शिव्या, त्याच्या मायला शिव्या, त्याच्या ट्रॅक्टरच्या सात पिढ्यांना शिव्या. झांजवाला पुन्हा सुरू झाला. जगदीशनं मान वळवून पाहिलं, तोंडभर हसला, आणि हसल्याबद्दल आणखी एक खाल्ली. मग डाव्या हातानं ओढायला लागला. वाकडातिकडा का होईना, टेकडाला लागला.

"मी त्याले शिवी नही दिधी," लताबाई सांगत सुटली. "त्याना वल्ह्याले दिधी!"

"पडनी ती पडनी," झुलालआबा म्हणाले. "बेबा, पाव्हणाले जेवाले कोना घर?"

"मना घर," कोणी बोलायच्या आत लताबाईच म्हणाली. "रेडा उपाशी जावाले नको."

झुलालआबा पुढच्या थंडीत गेले. त्यांच्या खांदेकऱ्यांत गावचे जावई होते, जगदीशही होता. योगराजची पाळी त्यानंतरच्या आखाजीला आली. तो इतका सफाईनं गेला की बायांना धड शिव्या सुचेनात, दोन-चारच पडल्या; त्याला त्याचं अजून वाईट वाटतं. लताबाईचे गुडघे गेले. औषधाला ती जामनेरला हेमलताकडे राहते आणि जगदीशच्या गिऱ्हाइकांदेखत त्याला फैलावर घेते. हेमलताला मुलगी झाली, भूमिका. ती आत्ताच दोन्ही आज्यांना उलट बोलते. जगदीशला वल्हवणं काही नीट जमलं नाही, पण भोईवाड्यातली इंजिनं तोच दुरुस्त करतो.

बेबाबाई वाघडोहातच आहे. दूरचं आता दिसत नाही, पण आखाजीला घाटावर पहिली तीच येऊन बसते, आणि दुसऱ्यांच्या जावयांना जे ऐकवते ते लिहिण्यासारखं नाही.