फिटरकाकांची कॉफीची मशीन

मित्रांनो, बावीस वर्षं मी एकाच घराच्या ओट्यावर काढली. मी घरगुती कॉफीची मशीन. माझा पंप तिसरा, नळ्या दुसऱ्या, आणि रबरी वॉशर किती बदलले याची तर गणतीच नाही. कारखान्यात मला अनोळखी हातांनी जोडलं, पण सांभाळलं ते फिटरकाकांनी.

काकांचा जन्म यंत्रं जुळवण्यात गेला. घरी काकूंना दाट, कडक कॉफी लागे. कपावर बदामी फेस नीट आला नाही की त्या नुसती भुवई उचलत. तेवढं पुरे! काका लगेच जुनं वर्तमानपत्र अंथरून बसत. निघालेले स्क्रू ओळीने मांडत, नळीतले क्षार लिंबाच्या सत्त्वाने काढत, नवा वॉशर अंगठ्याने दाबून बसवत. मग पहिला कप काकूंपुढे.

"कशी झालीय?"

"पिण्याजोगी," काकू म्हणत.

याहून मोठी शाबासकी त्या घरात कुणाला मिळालीच नव्हती. मी ऐटीत वाफ सोडायचे.

मग एका सोमवारी काकांनी वॉशर बदलला. बुधवारी पुन्हा बदलला. शुक्रवारी पुन्हा वर्तमानपत्र अंथरलं.

"अहो, परवाच तर घातलात नवा!"

"मी? छे! कित्येक महिने हिला हात लावला नाही."

काकू हसल्या. मलाही गंमत वाटली. काकांचा चेहरा मात्र घाबरल्यासारखा झाला होता.

पुढे स्क्रूंची ओळ मोडली. एखादा स्क्रू चिमटीत धरून काका तासभर बसून राहत. तो कुठला, ते आठवत नसे. एका सकाळी मी तापलेली असतानाच त्यांनी माझा बॉयलर सैल केला. काकूंनी धावत येऊन त्यांचा हात ओढला, आणि वाफ काकूंच्या मनगटावर आली. ती वाफ माझी होती, मित्रांनो. संध्याकाळी पट्टी बघून काकांनी विचारलं, "हे कसं झालं गं?"

"स्वयंपाक करताना भाजलं."

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला कपाटात ठेवलं. हत्यारांची पेटीही लपवली. काका ओट्यापुढे उभे राहू लागले. जेवेनात, बोलेनात. "माझं काम कुठंय?" एवढंच विचारत. चौथ्या दिवशी काकूंनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

"भाऊ, हिची वायर मुळापासून कापा. आतलं तापणारंही काढून न्या."

त्याने मला उघडून पाहिलं. "अहो काकू, काय सुरेख राखलीय! अजून दहा वर्षं सहज चालेल."

"माहितीये मला. पण ह्यांना नाही म्हणवत नाही हो. म्हणून हिलाच बंद करायचं."

मग त्याने पक्कड काढली. काकूंनी पाठ फिरवली.

आता मी पुन्हा ओट्यावर आहे. काका रोज मला उघडतात. काकू शेजारी बसून घरंगळलेले स्क्रू वेचतात आणि पातेल्यात उकळलेली कॉफी कशीबशी घशाखाली उतरवतात. काका मला उलटसुलट जोडतात, बटण दाबतात, कान लावून ऐकतात.

वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगणार होते. पण माझे सुटे भाग दुकानात मिळतात. काकांचे कुठेच मिळाले नाहीत. तुमच्या घरात कुणी तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला, तर दहाव्यांदा उत्तर द्या. आवाज चढवू नका.

काल बटण दाबून काका थांबले. काकूंकडे पाहत राहिले. मग दारी आलेल्या परक्या बाईशी बोलावं, तसं अदबीने म्हणाले, "बाई, आज काही जमलं नाही. तुम्ही उद्या याल का?"

"येईन की," काकू म्हणाल्या. "उद्या येते."

आणि त्या तिथेच, त्यांच्या शेजारी बसून राहिल्या.